विद्युतचुंबकीय स्पंद : स्वरूप, धोका व घरोघरची तयारी

(सामान्य विज्ञान व नागरिकशास्त्र. इयत्ता पाचवी ते सातवी. चार तासिकांचा पाठ)

पाठाचा हेतू

विद्युतचुंबकीय स्पंद म्हणजे काय, तो कशामुळे निर्माण होतो, त्यापासून कोणत्या वस्तूंस धोका आहे व कोणत्या वस्तूंस नाही, हे विद्यार्थ्यांस समजावे, हा या पाठाचा पहिला हेतू होय. भीती न बाळगता प्रत्येक घराने कोणती साधी तयारी ठेवावी, हे विद्यार्थ्यांनी आपल्या घरी सांगावे व करून दाखवावे, हा दुसरा. पहिला हेतू साधला नाही तर दुसऱ्याचे रूपांतर अफवेत होण्यास वेळ लागत नाही, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

विषयप्रवेश

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील मुलास विजेची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. कुकडी व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत विहिरीविहिरीवर मोटार आहे. द्राक्षांचे मळे व टोमॅटोची शेते तिच्याच पाण्यावर उभी आहेत. डोंगरकपारीच्या वाड्यांवरही नळाचे पाणी पुष्कळदा पंपानेच टाकीत चढते. म्हणून पाठाचा आरंभ व्याख्येने न करता एका प्रश्नाने करावा : “वीज गेली की आपल्या गावात काय काय थांबते?”

मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत. दिवा, पंखा, दूरदर्शन ही उत्तरे प्रथम येतील. थोडे थांबल्यास विहिरीची मोटार, पिठाची गिरणी, दूध थंड ठेवण्याचे यंत्र, मोबाईलचा मनोरा, बँकेचे काम अशी उत्तरे येऊ लागतील. मग दुसरा प्रश्न विचारावा : “एक रात्र नव्हे, सात दिवस वीज आली नाही तर यांपैकी कशावाचून भागेल व कशावाचून भागणार नाही?” या दोन याद्या वहीत उतरवून घ्याव्यात. शेवटच्या तासिकेत त्यांचे काम पडेल.

स्पंद म्हणजे काय?

तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते, हे अर्स्टेड या शास्त्रज्ञाने १८२० साली दाखविले. उलटपक्षी, तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकत्व बदलले की तारेत वीज उत्पन्न होते, हे फॅरेडे याने १८३१ साली सिद्ध केले. या दुसऱ्या नियमावर सारा पाठ उभा आहे. तो प्रयोगाने दाखवावा.

साहित्य : लाखेचे आवरण असलेली बारीक तांब्याची तार, होकायंत्र, जुन्या ध्वनिवर्धकातील चुंबक.

कृती : होकायंत्राभोवती तारेचे सुमारे पन्नास वेढे द्यावेत. त्याच तारेचे दीडदोनशे वेढ्यांचे दुसरे वेटोळे एका नळीवर गुंडाळावे. दोन्ही वेटोळ्यांमध्ये चारपाच हात तार मोकळी असावी, म्हणजे चुंबकाचा प्रत्यक्ष परिणाम होकायंत्रावर होणार नाही. तारेच्या टोकांवरील लाख खरवडून ती एकमेकांस जोडावीत. आता दुसऱ्या वेटोळ्यापाशी चुंबक झटकन न्यावा व झटकन दूर करावा. होकायंत्राची सुई किंचित हलते. चुंबक स्थिर धरला तर ती हलत नाही. या प्रयोगात घरातील विजेच्या जोडणीचा उपयोग कदापि करू नये.

निष्कर्ष मुलांकडूनच काढून घ्यावा : चुंबकत्व नुसते असून भागत नाही, ते बदलावे लागते, व ते जितक्या वेगाने बदलेल तितका तारेला बसणारा विजेचा धक्का मोठा. हा बदल क्षणार्धात, अतिशय जोराने व विस्तीर्ण प्रदेशावर झाला, तर त्यास विद्युतचुंबकीय स्पंद म्हणतात. तारेस कोणी स्पर्श केलेला नसतो, तरी तिच्यात वीज उसळते.

मानवनिर्मित स्पंद

१९६२ च्या जुलै महिन्यात अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटाच्या वर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अण्वस्त्राचा स्फोट करून पाहिला. तेथून सुमारे १,४५० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यांवरील सुमारे ३०० दिवे बंद पडले व टेलिफोनच्या यंत्रणेत बिघाड झाला. त्याच वर्षी सोव्हिएत संघाने कझाकस्तानवर केलेल्या अशाच चाचणीत सुमारे ५७० किलोमीटर लांबीच्या टेलिफोन तारेवरील फ्यूज जळाले. १९६३ साली वातावरणातील, अवकाशातील व पाण्याखालील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. त्यात भारतही सामील झाला.

स्फोटातून निघालेले गॅमा किरण हवेतील अणूंवर आदळून इलेक्ट्रॉन उडवितात. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात हे इलेक्ट्रॉन वळतात आणि त्या वळण्यातून स्पंदाची लाट जमिनीकडे येते. स्फोट जितका उंच तितका विस्तीर्ण प्रदेश तिच्या टप्प्यात येतो. ४०० किलोमीटर उंचीवरून दृष्टीच्या रेषेत सुमारे २,२०० किलोमीटर अंतरापर्यंतचा प्रदेश येतो.

या स्पंदाचे तीन भाग पडतात. पहिला भाग निमिषाहूनही अल्पकाळ टिकतो. रेडिओ, संगणक, मोबाईल, मोटारीचे स्वयंचलित स्टार्टर यांतील नाजूक भागांना त्याचा धोका असतो. दुसरा भाग आकाशातील विजेच्या परिणामासारखा असतो. तिसरा भाग सावकाश येतो व काही मिनिटे टिकू शकतो. तो लांबलचक वीजवाहिन्यांत शिरून मोठ्या रोहित्रांना अपाय करतो. गावात ज्यास डीपी म्हणतात त्याच जातीचे, परंतु शेकडो पटींनी मोठे असे हे यंत्र असते व ते बिघडल्यास नवे मिळण्यास दीर्घकाळ लागू शकतो.

अशा स्पंदाचा उपयोग आजवर कोणत्याही युद्धात झालेला नाही, ही गोष्ट मुलांस स्पष्टपणे सांगावी. तो माणसाच्या शरीरास प्रत्यक्ष इजा करीत नाही, हेही सांगावे. अपाय होतो तो यंत्रांस, व यंत्रांवर अवलंबून असलेल्या व्यवहारास.

सूर्याचे वादळ व महाराष्ट्रातील नोंद

स्पंदाच्या तिसऱ्या भागासारखाच परिणाम निसर्गातही घडतो. सूर्यापासून विद्युतभारित कणांचे प्रचंड लोट कधी कधी पृथ्वीच्या दिशेने येतात व पृथ्वीचे चुंबकक्षेत्र हलवून सोडतात. यास चुंबकीय वादळ म्हणतात. त्याची एक मोलाची नोंद महाराष्ट्रातच झालेली आहे.

२ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकसूचीची मोजणी चालू असता पृथ्वीच्या चुंबकत्वाचे क्षैतिज बल एकाएकी सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचे दिसून आले. नेहमीच्या बलाच्या ही घट चार टक्क्यांच्या आसपास होती. त्याच सुमारास युरोप व अमेरिकेतील तारायंत्रांत बिघाड झाले. काही ठिकाणी बॅटरी काढून घेतल्यावरही केवळ वादळाने उत्पन्न झालेल्या विजेवर तारा पाठविल्या गेल्या. त्या महावादळाचे माप काढताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्या नोंदीचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळे सूची विचलित होणार, म्हणून ही मोजणी अलिबाग येथे हलविण्यात आली. तेथील वेधशाळेत १९०४ सालापासून हे काम चालू आहे. ट्रामगाडीच्या विजेने चुंबकसूची हलते, ही गोष्ट वर्गातील प्रयोगाशी जोडून दाखवावी.

१३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीजव्यवस्था सुमारे दीड मिनिटात कोसळली व सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. मे २०२४ मधील वादळाच्या वेळी लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडा प्रकाश दिसला. ध्रुवांजवळच्या देशांना या वादळांचा त्रास अधिक होतो. महाराष्ट्र विषुववृत्ताच्या जवळ असल्याने येथे तो बराच कमी. सूर्यावर लक्ष ठेवण्यासाठी भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल १ हे यान सोडले, हेही मुलांस सांगावे.

खोडदचा धडा

जुन्नर तालुक्यात या पाठाचे एक साधन उघड्या माळावर उभे आहे. नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. या तबकड्या लहरी सोडीत नाहीत. दूरच्या ताऱ्यांकडून व आकाशगंगांकडून आलेल्या अत्यंत क्षीण लहरी केवळ ग्रहण करतात. रेडिओ लहरींचा गोंगाट कमी असलेला प्रदेश म्हणूनच हा परिसर निवडला गेला. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे भरणारे प्रदर्शन शक्य तेथे मुलांस अवश्य दाखवावे.

खोडदपासून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली अशी की, धातूची मोकळी तार अथवा तबकडी लहरी गोळा करते. खोडदला ते हवेच असते. घरावरील छत्री, विजेच्या तारा, लांब पसरलेली चार्जरची दोरी या वस्तू मात्र नको असलेला स्पंदही तशाच गोळा करून घरात आणतात. दुसरी गोष्ट अशी की, तबकड्यांनी टिपलेले संदेश तेथे काचेच्या बारीक तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने मध्यवर्ती इमारतीत नेले जातात. काच वीजवाहक नसल्याने स्पंद तिच्यात वीज उत्पन्न करू शकत नाही.

यानंतर दुसरा प्रयोग करावा. लहान ट्रान्झिस्टर रेडिओ चालू करून पत्र्याच्या डब्यात ठेवावा व घट्ट झाकण लावावे. आवाज दबेल, परंतु केंद्र लागलेले आहे की नुसती खरखर उरली आहे, हे कान लावून ऐकावे. झाकण किंचित उघडून फरक पाहावा. चारही बाजूंनी बंद असलेला धातू आतील वस्तूचे लहरींपासून रक्षण करतो. फट राहिल्यास लहरी आत शिरतात. डब्यातील मोबाईल वाजला तर प्रयोग फसला असे समजू नये. झाकणाच्या फटीतूनही त्याच्या लहरी पोहोचतात, हाच तेथील धडा होय. मात्र रेडिओ बंद पडला म्हणजे डबा मोठ्या स्पंदासही निश्चित पुरून उरेल, असा निष्कर्ष काढू नये. धोका कमी होतो, एवढेच म्हणावे.

धोक्याचे प्रमाण

धोका सांगताना त्याचे माप सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. शत्रूने अण्वस्त्राचा स्पंद सोडणे ही शक्यता दूरची आहे. सूर्याच्या मोठ्या वादळाची शक्यता त्याहून जवळची, परंतु त्याने घरातील विजेरी अथवा जोडणीतून काढून ठेवलेला मोबाईल बिघडत नाही. वीजपुरवठा खंडित होऊ शकतो. आकाशातील वीज मात्र या तालुक्यांत पावसाळ्याच्या आधी व परतीच्या पावसात नेहमीचीच आहे. तिचा धक्का तारेवाटे घरात येतो, मोटारी जाळतो व माणसे, जनावरेही दगावतात. या तीनही संकटांत घराची अडचण पुष्कळशी एकच असते : वीज नाही, पाणी चढत नाही, निरोप जात नाही. म्हणून एकाच तयारीने तिन्ही भागतात, आणि जी तयारी दरवर्षी पावसाळ्यात उपयोगी पडते तीच दूरच्या संकटातही हाताशी राहते.

घरोघरची तयारी

पाणी : माणशी पिण्यास व स्वयंपाकास रोज ४ लिटर धरावे. पाच माणसांच्या घरास सात दिवसांचे १४० लिटर, म्हणजे १४ लिटरच्या हंड्याने दहा हंडे होतात. हे गणित मुलांकडून आपापल्या घरापुरते करून घ्यावे. पाणी झाकून ठेवावे व वरचेवर बदलावे. दुभत्या जनावरांस याच्या कितीतरी पट पाणी लागते. तेवढे साठविणे शक्य नाही. विहिरीवर मोटार बसली की रहाट निघतो व दोर कुजतो, असा अनुभव आहे. वाडीत निदान एका विहिरीवर रहाट, पोहरा व मजबूत दोर असावा आणि गावचा हातपंप चालू आहे की नाही हे ग्रामपंचायतीने वेळोवेळी पाहावे.

अन्न : गिरणी बंद पडली तर धान्य असूनही भाकरी होत नाही. आठवड्याचे पीठ, तांदूळ, पोहे, डाळ घरात असावी. जाते असल्यास ते अडगळीत न टाकता वापरण्यायोग्य ठेवावे. पावसाळ्यात चुलीसाठी थोडे कोरडे सरपण बाजूस काढून ठेवावे.

उजेड : विजेरी व तिचे सेल वेगवेगळे ठेवावेत, म्हणजे सेल गळून विजेरी खराब होत नाही. कंदील, काड्यापेटी यांची जागा अंधारातही सापडेल अशी ठरलेली असावी. या परिसरात बिबट्याचा वावर आहे. अंधारात मुलांना एकटे अंगणात अगर उसाच्या कडेला पाठवू नये.

रेडिओ : सेलवर चालणारा लहान रेडिओ, एक जादा विजेरी व शक्य असल्यास लहान सौरदिवा पुठ्ठ्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. वस्तूचा डब्याच्या धातूस स्पर्श होऊ नये. स्पंदापासून रक्षण करणारी म्हणून विकली जाणारी महागडी यंत्रे घेण्याची गरज नाही.

विजेची उपकरणे : आकाशात गडगडाट सुरू होताच दूरदर्शन, चार्जर, शीतपेटी यांच्या जोडण्या भिंतीतून काढाव्यात. केवळ बटण बंद करून भागत नाही. वीज चमकत असताना मोटारीच्या पेटीजवळ, एकट्या झाडाखाली अगर तारेच्या कुंपणाजवळ उभे राहू नये. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईलवरील साधन जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. तुटलेल्या तारेस अथवा रोहित्रास कोणीही स्वतः हात लावू नये.

औषध : रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे संपत येईपर्यंत थांबू नये, दोन आठवड्यांचा साठा असावा. इन्शुलिन शीतपेटीत ठेवणाऱ्यांनी, वीज नसताना ते ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात कसे सांभाळावे, हे डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे. हृदयात यंत्र बसविलेल्या व्यक्तींनीही आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कागद व पैसा : सात-बारा, आधार, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती पिशवीत घालून ठेवाव्यात. आठवडाभराच्या खर्चाची थोडी सुटी रक्कम घरात असावी, कारण वीज नसली की मोबाईलवरील देणेघेणे थांबते. नातेवाईक, दवाखाना, पोलीस पाटील, शाळा यांचे क्रमांक वहीत लिहून ठेवावेत. मोबाईल बंद पडला की त्यातील क्रमांकही जातात.

निरोप माणसानेच न्यावयाचा आहे

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग यंत्राविषयी नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला व दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही वार्ता बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती एका एस. टी. चालकामुळे. नेहमीच्या फेरीला गेलेल्या त्या चालकास गाव जागेवर दिसले नाही व त्याने ते कळविले. तेथे स्पंद नव्हता. परंतु गावच जेव्हा बोलू शकत नाही, तेव्हा नेमाने येणाराजाणारा व डोळे उघडे ठेवणारा माणूस हीच शेवटची तार असते, ही गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली.

म्हणून प्रत्येक शाळेने आपल्या वाड्यांची यादी करावी. कोणत्या घरी एकटी वृद्ध व्यक्ती आहे, कोठे गरोदर स्त्री अगर आजारी माणूस आहे, कोणती वाडी ओढ्यापलीकडे असून पावसात तुटते, हे लिहावे. ही वही शाळेतच जपून ठेवावी; तिचा बोभाटा करू नये. वीज व मोबाईल दोन्ही बंद असताना कोणत्या वाडीचा निरोप कोणी मोठ्या माणसाने कोठे पोहोचवावयाचा, हे ग्रामसभेत ठरवून घ्यावे. मुलांना निरोप्या म्हणून एकटे पाठवू नये. आपल्या वाडीचा निरोप्या कोण, हे मात्र प्रत्येक मुलास ठाऊक असावे.

पाठावरील प्रश्न

१. चुंबक स्थिर असता होकायंत्राची सुई का हलत नाही?
२. कुलाब्याची चुंबकमोजणी अलिबागला का हलविली?
३. खोडदच्या तबकड्या लहरी सोडतात की घेतात? त्यांचे संदेश काचेच्या तंतूतून नेल्याने स्पंदाच्या बाबतीत कोणता लाभ होतो?
४. सूर्याचे वादळ व अण्वस्त्राचा स्पंद यांत घरातील वस्तूंच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
५. आपल्या घरास सात दिवसांसाठी किती हंडे पाणी लागेल?

उपक्रम

पहिल्या दिवशी वहीत उतरविलेल्या दोन याद्या पुन्हा काढाव्यात. ज्यावाचून भागणार नाही अशा प्रत्येक वस्तूपुढे तिची विजेविना सोय लिहावी. जेथे सोय लिहिता येत नाही, ती जागा मोकळी सोडावी व पालकसभेत वाचून दाखवावी. नंतर पालकांच्या संमतीने एक सायंकाळ प्रत्येक घराने दोन तास विजेची सर्व बटणे बंद ठेवून काढावी. कंदील सापडला का, त्यात तेल होते का, पाणी पुरले का, हे मुलांनी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे. त्या दोन तासांत जी उणीव आढळेल ती त्याच आठवड्यात भरून काढावी, आणि हीच चाचणी दरवर्षी मृग नक्षत्राच्या आधी एकदा घ्यावी.